परतीचा चढ: बेळगाव परिसरात लांब पल्ल्याची सायकल कशी चालवावी

लांब पल्ल्याच्या सायकलिंगवर मराठीत वाचायला मिळणारा बहुतेक सल्ला पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरचा असतो. तिथे सकाळी ताज्या पायांनी घाट चढायचा आणि घरी येताना उतार मिळवायचा. आपल्याकडे हे गणित उलटं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, पठाराच्या वरच्या अंगाला वसलेलं आहे. पश्चिमेला चोर्ला उतरून गोव्यात जा, पूर्वेला गोकाकला जा, उत्तरेला निपाणीकडे किंवा दक्षिणेला खानापूरकडे जा, जाताना कमी-अधिक उतारच मिळतो. चढ राहतो परतीला, तोही ऊन वर आल्यावर आणि पाय थकल्यावर. म्हणून या भागात पल्ला आखायचा तो परतीच्या बाजूने आखायचा. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

आधी सायकल आणि बसण्याची मापं

नवी सायकल घ्यायची असेल तर आपल्या रस्त्यांसाठी माझी पहिली पसंती ३२ ते ४० मिलिमीटर रुंद टायर बसणाऱ्या हायब्रिड किंवा ग्रॅव्हल सायकलीला आहे. २५ मिलिमीटरच्या टायरची रोडबाइक महामार्गावर सुरेख धावते, पण जांबोटीच्या पुढे पावसाने उखडलेल्या रस्त्यावर हात आणि पाठ दोन्ही बोलू लागतात. एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) असेल तर ती विकू नका. पुढचा शॉक लॉक करा, खडबडीत टायर काढून कमी नक्षीचे टायर बसवा, तिच्यावर शंभर किलोमीटर आरामात होतात.

गिअर मात्र नीट तपासा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात जवळपास सारखे हवेत, म्हणजे पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४. पुढे ३९ आणि मागे २५ अशी जोडी असली तर चोर्ल्याच्या परतीला गुडघे दुखतील आणि दोष विनाकारण वयाला दिला जाईल.

सीटची उंची घरीच लावता येते. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून ताण येत असेल तर वर. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचाच करा आणि दोन-तीन फेऱ्या चालवून मगच पुढचा. हाताची बोटं बधिर होत असतील तर सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना ते पाहा. त्यामुळे सगळा भार तळहातांवर येतो.

पॅड असलेली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत दुसरं अंतर्वस्त्र घालू नका. शिवण घासून जी जखम होते तिच्यापायी लोक अर्ध्या वाटेतून परततात. मांड्यांच्या सांध्याला व्हॅसलीन लावलं तर बरंच निभावतं.

टायरमधली हवा

साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसाने ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५ ते ६५ पीएसआय हवा ठेवावी, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. दगडासारखा कडक टायर खडबडीत डांबरावर उसळतो आणि वेग उलट कमी होतो. ट्यूब असलेल्या एमटीबीच्या टायरमध्ये कच्च्या वाटेवर ३० पीएसआयच्या फार खाली जाऊ नका, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात असू द्या, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. खेड्यातल्या सायकल दुकानात पंक्चर उत्तम काढून मिळतं, पण ७०० च्या मापाची ट्यूब मिळेल ही आशा धरू नका. दोन ट्यूब सोबत हव्यातच.

पल्ला टप्प्याटप्प्याने कसा वाढवावा

आठवड्यातून दोन दिवस तास-दीड तास आणि रविवारी एक मोठी फेरी, एवढ्यावर सर्वसाधारण तब्येतीचा माणूस तीन-चार महिन्यांत शंभर किलोमीटरपर्यंत पोचतो. रविवारची फेरी दर आठवड्याला दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम लहान ठेवा. वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

सुरुवात येळ्ळूरच्या राजहंसगडापासून करावी असं मला वाटतं. शहरापासून जवळ, काळ्या मातीच्या शिवारातून जाणारा सपाट रस्ता, आणि शेवटी लहान पण खडा चढ. गिअर कुठे कमी पडतो, दम कुठे लागतो हे तो चढ लगेच सांगतो. पाय थकले तर घर जवळ आहे.

पुढचा टप्पा राकसकोपचा. हिंडलगा किंवा सावगावकडून बेळगुंदीला जा, मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय पाहा आणि तुडये-शिनोळी बाजूने हिंडलग्याला परत या. चाळीसएक किलोमीटर होतात. या वळशात रस्ता कर्नाटकातून चंदगड तालुक्यात शिरतो आणि परत येतो. रस्ता सतत वर-खाली होत राहतो, त्यामुळे गिअर वेळेवर बदलायची सवय इथे लागते. चढ सुरू झाल्यावर पायांवर जोर असताना गिअर बदलला तर साखळी कुरकुरते. चढ दिसताच, पाय हलके असतानाच बदला.

तिसरा टप्पा खानापूर, नंदगड आणि हलशी. बेळगावहून खानापूर साधारण २६ किलोमीटर. तिथे मलप्रभा ओलांडायची आणि इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये जिथे फाशी दिलं त्या नंदगडला समाधीपाशी थोडं थांबून हलशीला जायचं. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिराच्या सावलीत डबा उघडावा. परत आलात की ऐंशीपेक्षा थोडे जास्त किलोमीटर होतात. खानापूरहून बेळगावकडे येताना रस्ता हळूहळू चढत राहतो. डोळ्यांना चढ दिसत नाही, पण वेग मात्र पडतो. वारा समोरचा आहे, ब्रेक घासतोय, असं वाटून मन खट्टू होतं. तसं काही नसतं, जमीनच वर जात असते. इथे वेगाकडे न पाहता पाय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा फिरतील एवढा हलका गिअर लावा.

चौथा टप्पा कणकुंबी. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून जांबोटीकडे वळा. कुसमळी, जांबोटी आणि पुढे जंगलातून कणकुंबी, जाऊन-येऊन पंच्याण्णवच्या आसपास. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. हा रस्ता पठारावरच राहतो म्हणून पहिल्या शतकासाठी मला हाच सगळ्यात योग्य वाटतो. राहिलेले पाच किलोमीटर शहरात फिरून सहज भरतात. जांबोटीनंतर दुकानं विरळ आहेत, तेव्हा बाटल्या तिथेच भरून घ्या.

आंबोली त्याच्याही पुढची. वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी आणि पुढे चंदगड तालुक्यातून एका बाजूने सत्तरच्या जवळपास. आंबोली गावापर्यंतच गेलात आणि खाली सावंतवाडीकडे उतरला नाहीत तर मोठा घाट लागत नाही. दमवतात ते न संपणारे लहान चढउतार.

चोर्ला: उतरण्याआधी चढाचा विचार

कणकुंबी जमली की चोर्ला मोह घालतो. पठाराच्या काठावरून गोव्यातल्या केरीपर्यंत पंधराएक किलोमीटरच्या वळणांत सातशे मीटरच्या आसपास उंची कमी होते. उतरायला अर्धा-पाऊण तास पुरतो. तीच उंची परत चढायला नवशिक्याला दोन ते अडीच तास लागतात.

म्हणून वेळ अशी मांडा. सकाळी नऊच्या आत घाटाच्या पायथ्याशी वळता आलं पाहिजे. त्यासाठी बेळगाव पहाटे पाचच्या सुमारास सोडावं लागतं. पण जंगलातला रस्ता अंधारात घेऊ नये. तेव्हा हिवाळ्यात दोनच चांगले पर्याय उरतात: गाडीने जांबोटीपर्यंत जाऊन तिथून उजाडताना सायकल सुरू करायची, किंवा आदल्या दिवशी उतरून खाली मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थंडाव्यात चढायचं. मी दुसरा पर्याय सुचवीन. ताज्या पायांनी चढलेला चोर्ला हा वेगळाच आनंद आहे.

उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर पॅड तापून पकड सैल पडते. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग कमी करा, सोडा आणि वळणात ब्रेकशिवाय शिरा. वळणाच्या आतल्या बाजूचं पेडल वर, बाहेरच्या बाजूचं खाली, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. आपली बाजू सोडून वळण कापायचं नाही, कारण समोरून येणारा ट्रकही तसंच कापत असतो. मध्ये एक-दोनदा थांबून हात मोकळे करा.

चढताना पहिली दोन किलोमीटर मुद्दाम हळू. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच जोर. दम लागल्यावर वेग कमी करणारा दमलेलाच राहतो, आधीपासून हळू जाणारा वर पोचतो. अर्ध्या तासाने एकदा उभं राहून पेडल मारा, पाठ मोकळी होते. उतरून चालावं लागलं तर खुशाल चाला.

तिलारी घाट याहून खूप तीव्र आणि अरुंद आहे. चोर्ला विनासायास होईपर्यंत तिकडे वळू नये.

वारा आणि ऋतू

याकडे नवखे लोक लक्षच देत नाहीत, आणि आपल्याकडे निम्मा थकवा वाऱ्याचा असतो. नोव्हेंबर ते जानेवारी वारा प्रामुख्याने पूर्वेकडून येतो. या दिवसांत सुळेभावी-अंकलगीमार्गे गोकाकला जा. जाताना उतार आहे, वारा समोरचा असला तरी चालतो. गोकाक गाव बेळगावपेक्षा जवळपास दोनशे मीटर खाली आहे, तेव्हा परतीला चढ लागतो, पण तेव्हा वारा पाठीवर असतो. घटप्रभेचा धबधबा ५२ मीटरचा. या दिवसांत पाणी कमी असतं, तरी दरी पाहावी अशी आहे. जाऊन-येऊन १२० किलोमीटरच्या आसपास धरा.

पावसाळ्यात हाच गोकाकचा रस्ता सगळ्यात वाईट ठरतो. पश्चिमेचा जोरदार वारा, वरून चढ, दोन्ही परतीच्या वाटेवर. त्या दिवसांत पश्चिमेला जायचं, म्हणजे येताना वारा घरी ढकलतो. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये घाटाच्या काठापर्यंत जाऊ नये. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि धुक्यात दहा पावलांवरची गाडी दिसत नाही. जांबोटीपर्यंत जा, गरम मिरची भजी आणि चहा घ्या, परत फिरा. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस मला सगळ्यात लाडके. भातशेती पिवळी पडत असते, हवा स्वच्छ असते.

मार्च ते मे सकाळी दहाच्या आत घरी. एवढंच.

खाणं-पाणी

निघण्याआधी तासभर पोहे किंवा उप्पीट, फार तेलकट काही नको. पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी किंवा एक केळं आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा. खजूर, गूळ-शेंगदाणे, घरची गुळपोळी, सगळं चालतं. भूक लागण्याची वाट पाहू नका, घड्याळ पाहून खा. कुंदा आणि गोकाकचा करदंट चवीला कितीही थोर असले तरी तूप आणि सुकामेव्याने जड असतात. ते घरी न्यावेत, वाटेत पोटभर खाऊ नयेत.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. दोन तासांपुढच्या फेरीत एका बाटलीत ओआरएस ठेवा. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली तर मळमळतं. कोकम सरबतात चिमूटभर जास्त मीठ हाही चांगला उपाय.

पूर्वेकडच्या गावांत पाणी मागताना ‘नीर कोडरी’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

पंक्चर नीट काढणं

पूर्वेच्या काळ्या मातीच्या बाजूला बाभळीचे काटे फार. पंक्चर तिथेच जास्त होतात, म्हणून हे हातखंडा असलं पाहिजे. मागचं चाक असेल तर साखळी सगळ्यात लहान चकतीवर आणून चाक काढा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायर लिव्हर घाला आणि टायरची एकच कड बाहेर काढा. ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवर कुठे होता ते लक्षात ठेवा. ट्यूबला हवा भरून भोक शोधा, मग ट्यूब टायरवर धरून काटा कुठे असेल ते ओळखा. टायरच्या आतून कापड फिरवा; कापड जिथे अडकेल तिथे काटा. तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर शंभर मीटरवर पुन्हा तेच.

नवी ट्यूब थोडी हवा भरून गोल झाली की बसवा. टायरची कड शेवटी अंगठ्यांनीच चढवा, लिव्हरने चढवताना ट्यूब कापते. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे चिमटली नाही ना ते पाहा. पॅच लावायचा असेल तर ट्यूब सँडपेपरने घासा, सोल्युशन लावा आणि ते पूर्ण सुकेपर्यंत पाच मिनिटं थांबा. घाईत ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच टिकत नाही.

पिशवीत याशिवाय: लिव्हर, पंप, चेन तोडणी असलेलं मल्टीटूल, साखळीची जोडकडी, जुन्या टायरचा बोटभर तुकडा (टायर फाटला तर आतून लावायला), चार केबल टाय आणि सुटी गिअर हँगर (मागचा गिअर सायकलला जोडणारी पट्टी). सायकल उजव्या बाजूला पडली की सगळ्यात आधी हँगर वाकते, आणि ती प्रत्येक मॉडेलची वेगळी असते.

पाणंद आणि जंगल

कच्च्या वाटांचा आनंद आपल्याकडे दोन प्रकारचा आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारातली काळी माती कोरडी असताना गुळगुळीत धावते, पण एक सर पडली की चिखल चाकात आणि ब्रेकमध्ये असा भरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाऊस पडल्यावर दोन-तीन दिवस तिकडे जाऊ नका. बेळगुंदी, वैजनाथ डोंगर, महिपाळगड, खानापूर या बाजूची तांबडी माती पाणी लवकर सोडते. तिथे धोका सुट्या मुरुमाचा. उतारावर ढुंगण सीटच्या मागे न्या, कोपर आणि गुडघे सैल सोडा, पुढचा ब्रेक एका बोटाने आणि फक्त चाक सरळ असताना दाबा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यावरून उतरून चालणंच बरं.

पाणंद सोडून बांधावर किंवा उभ्या पिकात सायकल घालायची नाही. शेतकरी दिसला तर थांबून, ‘मामा, ही वाट पुढं निघते का?’ असं विचारा. नकाशापेक्षा खात्रीचं उत्तर मिळतं.

खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. या पट्ट्यात अस्वलं आणि गवे आहेत, चंदगडच्या बाजूला हत्तीही येतात. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर जंगलातून सायकल नको. सायकल आवाज करत नाही, हाच इथे धोका. दाट वळणावर घंटी वाजवा किंवा मोठ्याने बोला. गवे रस्त्यावर दिसले तर मात्र लांबच थांबा, आवाज न करता त्यांना पूर्ण पार होऊ द्या, आणि कळपाच्या मधून कधीही काढू नका.

रस्त्यावरची माणसं आणि वाहनं

ऊस गाळपाच्या हंगामात संकेश्वर, हुक्केरी, निपाणी, गोकाक या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र चालतात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि मागची ट्रॉली वळताना आत सरकते. ट्रॅक्टरला डावीकडून कधीही ओलांडू नका. रात्री तर त्या रस्त्यांवर जाऊच नका. भात कापणीनंतर गावोगाव डांबरी रस्त्यावर मळणी पसरलेली असते. वरून सायकल घसरते, म्हणून वेग कमी करून सरळ रेषेत काढा किंवा खाली उतरा.

शेवटी दोनशेचा विचार. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे नाव नोंदवून ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायची असते. म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटर, आणि हेल्मेट, दिवे व परावर्तक जाकीट सक्तीचं. आकडा ऐकून घाबरू नका. थांबे लांबले की वेळ जातो, पेडल मारताना जात नाही. चहाला वीस मिनिटं असे सहा थांबे घेतले की दोन तास गेले. त्यामुळे गोकाक आणि आंबोली दोन्ही वेगवेगळ्या रविवारी जमल्यावर, एखाद्या हिवाळी रविवारी पहाटे साडेपाचला निघून आधी खानापूर-हलशी करा, दुपारी घरी जेवून राकसकोपचा वळसा घ्या. सव्वाशे होतात, आणि जेवणानंतर पुन्हा सीटवर बसायची सवय लागते. त्या संध्याकाळी पाय कसे आहेत ते पाहून नाव नोंदवायचं की नाही ते ठरवा. निघताना घरी मार्ग सांगून ठेवा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, आणि ११२ हा क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंना लागतो हे लक्षात असू द्या.